तबकडी, रीळ आणि दादाचा आवाज

।। श्री ।।
पुणतांबे,
ता. ९ जानेवारी १९७२

ती. स्व. कानिफदादास,
विजयमालेचा शि. सा. न. वि. वि.

तुझं सिंगापूरहून टाकलेलं पत्र मंगळवारी पोचलं. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीने धरतो, पण ती ते कबूल करत नाही. यंदा पाऊस नीट झाला नाही, त्यामुळे लग्नं थोडी आणि त्यांत गाणी वाजवणाऱ्या आण्णांच्या भोंग्याला कामही थोडं. ते रोज तबकड्या पुसून पुन्हा पेटीत ठेवतात.

आता तुझ्या पत्राची हकीगत. रीतीप्रमाणे ते मीच वाचून दाखवलं. ओट्यावर आण्णा, आई आणि शेवगावचं स्थळ घेऊन आलेले पुंजारामकाका होते. तू लिहिलंस की विजूला बी.एड. करू द्या, जूनमध्ये नगरला पाठवा, लग्नाची घाई नको. मी एकही शब्द इकडचा तिकडे न करता वाचलं.  मग काका तंबाखू चोळत म्हणाले, पत्र कान्याचं अन् तोंड हिचं. कागद मुका असतो गड्या, बोलतो तो वाचणारा.

आण्णा त्यांच्यावर खेकसले, पोरीवर आळ घेऊ नको म्हणाले. मला बरं वाटलं. पण सकाळी त्यांनी तुझं पत्र मागून घेतलं आणि माझी कॉलेजची वहीही मागितली. दोन्ही उन्हात शेजारी धरून कितीतरी वेळ पाहत बसले. दादा, तूच मला पाटीवर अक्षरं गिरवून घेतलीस. तुझा आणि माझा 'क' एकाच साच्यातला आहे. पाकीट परदेशाचं खरं, पण आतला कागद तू नेहमीसारखा रेघांच्या वहीतून फाडलेला. मी म्हटलं, मास्तरांकडून वाचून घ्या. त्यावर म्हणाले, मास्तर लिहिलेलं वाचील, पण लिहिलं कुणी ते मास्तरला काय ठावं? आणि पोरीवर भरवसा न्हाई हे गावाला कशाला दाखवू?

रागावले नव्हते. तेच जास्त लागलं.

मुलगा वाईट नाही, म्हणून अडचण मोठी. गहिनीनाथ नाव, बाजारात अडतीचं दुकान, माणसं सभ्य. अट एकच, घरच्या बाईने नोकरी करायची नाही. आपल्या गावात सातवीनंतर किती मुली शाळेत उरतात ते तुला माहीत आहे. मी बी.ए. झाले तेव्हा आपल्या आळीतल्या बायांनी मला ओवाळलं. ते ओवाळणं घेऊन मी शेवगावात भाकरी थापत बसू का?

आपल्यात थोरल्या भावाचा शब्द घेतल्याशिवाय बहिणीची सुपारी फुटत नाही. आण्णा ही रीत मोडणार नाहीत. तुझा शब्द आला आहे, पण माझ्या तोंडून आला म्हणून तो आलेला नाही. आता काय करायचं ते तूच सांग.

तब्येत जप. दर्यावर तुला आमची सय येत राहो, एवढीच देवाकडे मागणी.

तुझी धाकटी,
विजू


सिंगापूर,
ता. ४ फेब्रुवारी १९७२

चि. विजूस,
कानिफनाथचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग झोप लागेना. लहानपणी तुझा 'क' वळत नव्हता म्हणून मी तुझा कान पिळायचो. तो वेडावाकडा राहू दिला असता तर आज कामी आला असता.

कागदावर विश्वास नाही ना? मग मी स्वतःच येतो. म्हणजे माझा आवाज येतो. आमच्या बोटीवरच्या सेकंड इंजिनिअरसाहेबांकडे रिळाचं टेपरेकॉर्डर आहे. त्यात बोललेलं फितीवर उतरतं. मी त्यांच्या पाया पडून एक छोटं रीळ भरलं आहे. सुरुवातीलाच आण्णांना अशी एक गोष्ट सांगितली आहे, जी फक्त त्यांना आणि मला ठाऊक आहे. राहात्याच्या एका लग्नात भोंगा मध्येच का बंद पडला होता, ती. तुला सांगणार नाही. त्यामुळे आवाज दुसऱ्याचा म्हणायला काकांना जागा उरणार नाही. पुढे तुझं सगळं नीट बोललो आहे. एक कोकणातला सोबती रजेवर निघाला आहे, तो मुंबईहून पार्सल करील.

मशीन मात्र तुम्हाला शोधावं लागेल. आण्णांच्या गाण्याच्या पेटीवर हे वाजायचं नाही. मला आठवतं, चावीची पेटी होती तेव्हा तीन मिनिटांत गाण्याला धाप लागायची आणि मी चावी द्यायला पळायचो. नवरी रडत असायची आणि गाणं तिच्याहून रडवं व्हायचं. मग बॅटरी आली, मग वीज. मोठ्या तबकडीची एक बाजू वीस मिनिटं चालते म्हटल्यावर आण्णा म्हणाले होते, मग वाजवणाऱ्यानं करायचं काय, झोपायचं? त्यांना सांग, या रिळात तासभर मावतो. आणि इथल्या दुकानांत आता कॅसेट म्हणून आली आहे, काडेपेटीहून थोडी मोठी, शर्टाच्या खिशात राहते. आण्णांची सगळी पेटी चार खिशांत बसेल. हे मात्र त्यांना सांगू नकोस, त्यांना ते लागेल.

मी स्वतः आलो असतो. पण सप्टेंबरपर्यंतचा करार आहे, तोवर बोट सोडता येत नाही.

धीर धर. आईच्या गुडघ्याला शेक दे. तुझ्या पत्रांवर माझा जीव आहे, तो उपाशी ठेवू नकोस.

तुझा,
दादा


।। श्री ।।
पुणतांबे,
ता. २१ मार्च १९७२

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जे झालं ते मी कुणालाही दोष न देता लिहिणार आहे. दोनदा लिहून फाडलं, हे तिसऱ्यांदा.

तुझं रीळ फेब्रुवारीच्या शेवटी आलं. आण्णांनी ते उजेडात धरलं, बोटाने चाचपलं, रेघ कुठं हाय म्हणाले. तबकडीवर नखाने आवाज लागतो, इथे काहीच लागेना. तरी त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. एवढ्याशा फितीत कान्या बसलाय, असं ते आईला पुन्हा पुन्हा सांगत होते. मग त्यांनी ते आपल्या फेट्याच्या कापडात गुंडाळलं आणि घरातल्या सगळ्यात जपलेल्या जागी ठेवलं. कुठे, ते तुला कळलंच असेल. भोंग्याच्या मागे जे जड युनिट बसवतात, त्याच्या कापूस घातलेल्या पेटीत, अगदी त्या युनिटला टेकून. तिथे उंदीर जात नाही, पोरं हात लावत नाहीत. तबकड्याही ते वर्षानुवर्षं तिथेच ठेवत आले आहेत.

मशीन मिळायला तीन आठवडे गेले. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या क्लबात एक आहे असं कळलं. आण्णा, काका आणि मी एसटीने गेलो. आण्णांनी धुवट धोतर नेसलं होतं. तिथल्या इंजिनिअरसाहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि रीळ लावलं.

दादा, नुसता घुंई घुंई आवाज. मशीन बिघडलं असेल म्हणून साहेबांनी दुसरं रीळ लावून पाहिलं, ते स्वच्छ वाजलं. पुन्हा तुझं लावलं. त्या घोंगावण्याच्या तळाशी कुठेतरी तू आण्णा, आण्णा म्हणालास, मग खोकलास आणि बुडून गेलास. शेवटपर्यंत तेच. साहेबांनी विचारलं, हे ठेवलं कशात होतं? आण्णांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. साहेबांनी रीळ काढून हातात घेतलं. मग म्हणाले, त्या युनिटमध्ये जबरदस्त लोहचुंबक असतं, फितीवरचा आवाज त्याने पुसतो.

लहानपणी त्याच युनिटला आपण आईच्या टाचण्या चिकटवायचो. चुंबक आहे हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आवाजही त्याच जातीचा असतो हे कुणाला ठाऊक असणार?

काका हसत सुटले. कान्या आला अन् दारातूनच परत गेला, म्हणाले. आण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, खोकला त्याचाच हाय. पण तो म्हनतो काय?

मी सांगितलं असतं, दादा. तोंडावर आलं होतं. पण मी सांगून काय उपयोग?

एसटीत त्यांनी मला खिडकीजवळची जागा दिली. आवाज त्यांनी मुद्दाम पुसला असं माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. पण मला मुद्दाम कुणी अडवत नाही, हेच मला कधीकधी सहन होत नाही. भांडायचं कुणाशी?

काहीतरी लवकर कर. तिकडच्या वाऱ्याने आमच्यावरची तुझी ओढ कमी न होवो.

तुझी,
विजू


।। श्री नाथ प्रसन्न ।।
पुणतांबे,
ता. ९ एप्रिल १९७२

चि. कानिफनाथ यास भिमाजीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र सहादेव पोस्टमनच्या हातचं हाय. विजीला ठावं न्हाई. सहादेवला म्हनलं, मी बोलतो तसंच लिही, शुद्ध करू नको.

कान्या, तुजा आवाज माज्या हातनं पुसला. इतकी वर्षं लोकांच्या लग्नात आवाज पोचवला, अन् माज्या लेकाचा आवाज माज्या घरात मेला. तुजी आय मला काय बोलली न्हाई. बोलली असती तर बरं हुतं.

मला ही फीत पटत न्हाई. प्लेट फुटती, घासती, पर तिच्यावर जे हाय ते हाय. फीत काय, आज येक बोलंल उद्या दुसरं. तुमच्या तिकडं दुकानं मोठी हायती, तर तुजं बोलनं प्लेटीवर दाबून मिळतंय का बघ. दोन्ही बाजूंनी बोल. माज्या पेटीवर मी सोता लावीन.

विजीचं सांगतो. मला पोरीचा राग न्हाई. ती वाचाया बसली की मी हातातलं काम टाकून बगत बसायचो. पर शिकलेली पोर घरात बसली की गाव तिचं वय बोटावर मोजतं. पुंजाराम रोज दारात उभा. ती म्हनती शाळा काढीन, पोरी शिकवीन. मी हाय तवर ठीक. मी गेल्यावर तू दर्यात, आय म्हातारी. तिच्या मागं कोन? ह्याच्यावर तू काय बोल्ला हुतास ते मला घुंई घुंईमदी ऐकू आलं न्हाई. मला भ्या वाटतं रे. हे मी तिच्या म्होरं बोलू शकत न्हाई, म्हून सहादेवला धरलं.

आता धोंड्याचा महिना लागतोय. त्यो सरला की शेवगावकर सुपारीला यायचं म्हनत्यात. तुजा शब्द तोवर पायजे. तू जे म्हनशील ते मी मानीन. पर तुज्या तोंडानं म्हन.

आंगावर पांघरून घेत जा. खोकला बरा न्हाई तुजा. मनात बापाला जागा ठेव.

भिमाजी
(अंगठा)


मद्रास,
ता. २० मे १९७२

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

घाईत आहे. बोट इथे दोनच दिवस आहे आणि किनाऱ्यावर जायला परवानगी नाही. येवल्याचा सोनवणे म्हणून माझा सोबती इथे उतरून घरी निघाला आहे. त्याच्याबरोबर कॅसेट आणि ती वाजवायचं छोटं मशीन पाठवतो आहे. तो मनमाडहून स्वतः तुमच्याकडे येईल आणि लावून दाखवील. आण्णांना सांग, प्लेट कुणी दाबून देत नाही, मी विचारलं. कॅसेट भोंग्यापासून लांब ठेवा. मशीन परत करू नका, ते घरासाठीच घेतलं आहे.

आण्णांचं पत्र मला पोचलं. काय बोललो ते इथे लिहीत नाही, ऐकशीलच. तू शहाणी आहेस. मोठ्यांच्या मनात काय काय असतं ते तुलाही पुढे कळेल. आईला सांग, आंब्याचं लोणचं एक बरणी माझ्या नावाने वेगळं काढ.

माझ्यावर रुसू नकोस.

दादा


।। श्री ।।
पुणतांबे,
ता. १० जून १९७२

ती. स्व. दादास,
नमस्कार वि. वि.

तुझं पत्र सोनवण्यांच्या नंतर दोन दिवसांनी आलं. त्यात तू मला रुसू नकोस का लिहिलंस, ते तोवर मला कळून चुकलं होतं.

सोनवणे संध्याकाळी आले. चांगला माणूस आहे. त्यांनी मशीन ओट्यावर पाटावर ठेवलं आणि एक कळ दाबली. ना चावी, ना सुई, ना घरघर. तू जणू खांबाआडून बोलू लागलास. राहात्याच्या लग्नातली गोष्ट ऐकून आण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तर तू आण्णांच्या ताटातला लाडू भोंग्यात लपवला होतास. आई मशीनजवळ सरकली, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ऊन ऊन लागतंय गं.

मग तू माझ्या विषयावर आलास. आण्णा, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. तुमची काळजी खरी आहे. शेवगावचं स्थळ चांगलं आहे, उरकून घ्या. विजूला पुढे शिकायचं तर सासरी शिकू देतील, तसं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. ती समजूतदार आहे, ऐकेल.

काका मांडीवर थाप मारून म्हणाले, आता कळलं का पोरीनं काय वाचलं हुतं! आण्णा म्हणाले, पुन्हा लाव. सोनवण्यांनी पुन्हा लावलं. आण्णांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मी तिन्ही वेळा तिथेच उभी होते. पाच महिने मी एकच गोष्ट मागत होते, की तुझं बोलणं आण्णांपर्यंत जसंच्या तसं पोचावं. ते पोचलं, अगदी स्वच्छ.

तू आण्णांचं पत्र पोचलं म्हणालास, म्हणून टपाल नेणाऱ्या सहादेवमामांना मी गाठून विचारलं. त्यांनी आढेवेढे घेत सगळं सांगितलं. आण्णांना भीती वाटते हे मला आजवर ठाऊक नव्हतं. तुला ते वाचून कसं झालं असेल ते मी समजू शकते. पण दादा, तुला सप्टेंबरपर्यंत बोट सोडता येत नाही म्हणतोस, तर तुझ्या करारावर तारीख तरी आहे. माझ्यासाठी तू जे कबूल करून घ्यायला सांगितलंस त्यावर कुठली तारीख असणार होती?

सुपारीच्या आदल्या संध्याकाळी आण्णा गोठ्यात एकटे होते. मी गेले आणि हातात काहीही न घेता बोलले. मला हे लग्न करायचं नाही. मला नगरला जाऊन बी.एड. करायचं आहे. तुमच्यामागे माझं कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण शेवगावला तरी ते आहे का? आण्णांनी वैरण टाकायची थांबवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, हे कुठं वाचलंस?

मी म्हटलं, कुठं न्हाई आण्णा. माजंच हाय.

कॉलेजात गेल्यापासून इतकी वर्षं मी त्यांच्याशी असं आपल्या बोलीत बोलले नव्हते.  आण्णा म्हणाले, पुन्हा बोल. मी पुन्हा बोलले. पुन्हा, म्हणाले. तिसऱ्यांदा बोलताना माझा आवाज फुटला, पण शब्द तेच ठेवले. त्यांनी वैरण टाकली आणि निघून गेले. 

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मी माजघरात आईपाशी, नवं लुगडं नेसून. आईने दाराला कडी लावली नव्हती, पण ती दारातच बसली होती. बाहेर ताटात नारळ, सुपारी, फोडायला दगड. थोरल्याच्या शब्दाची वेळ आली तेव्हा काकांनी मोठ्या ऐटीत तुझं मशीन पुढे आणलं. पाहुण्यांना फार नवल. तू आण्णा म्हणालास, राहात्याचं लग्न निघालं, सगळे हसले. आणि तू माझ्या विषयावर येण्याआधीच आण्णांनी हात घालून मशीन बंद केलं. काका म्हणाले, आरं म्होरं तर खरं हाय. आण्णा म्हणाले, पोरगी घरात हाय. तिलाच इचारा.

सुपारीला मुलीला बाहेर बोलवत नाहीत. एवढ्या पुरुषांपुढे मी कशी गेले मला सांगता येणार नाही. नमस्कार केला आणि जे गोठ्यात बोलले तेच बोलले. गहिनीनाथ खाली बघत होता. मला वाटतं, त्यालाही कुणी विचारलं नसावं. त्याचे वडील उठले, टोपी घातली आणि म्हणाले, भिमाजी, आमाला आधी सांगायचं हुतं. आण्णा म्हणाले, मलाच काल कळलं.

पाहुणे न जेवता गेले. पुरणपोळ्या आम्ही दोन दिवस खाल्ल्या. काका येत नाहीत. पाण्याला गेले की बाया बोलायच्या थांबतात. आण्णा माझ्याशी त्या दिवसापासून बोललेले नाहीत. जेवताना भाजी हवी असली तर आईला सांगतात, मी शेजारी वाढायला उभी असले तरी. आई माझ्यावर रागावलेली नाही, पण दारात बसायची तिची सवय गेली नाही.

नगरला बी.एड.ची मुलाखत एकोणीस तारखेला आहे. मी जाणार, असं मी घरात सांगितलं. जा कुणी म्हणालं नाही, राहा कुणी म्हणालं नाही. काल रात्री जेवून हात धुताना आण्णांनी आईला विचारलं, तिला इचार, नगरची गाडी किती वाजता हाय. मी सांगितलं. आईने त्यांना सांगितलं. पोचवायला विचारलं की अडवायला, ते मला अजून कळलेलं नाही. मी पिशवी भरून ठेवली आहे.

एक विनंती. यापुढे आण्णांना लिहायचं ते सहादेवमामांच्या नावे लिही, ते वाचून दाखवतील. मला लिहायचं ते मला लिही. या घरात मी आता दुसऱ्याचं वाचून दाखवणार नाही.

तुझ्या खोकल्याचं काय झालं ते कळव. माया पूर्वीसारखी असू दे, सल्ला मी मागेन तेव्हा दे.

तुझी बहीण,
विजयमाला